काळं पडण्याआधी

चांदीचं नाणं काळं पडतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या वाटेवर ते कुठल्या कुठल्या रंगांतून जातं, हे पाहायला फारसं कुणी थांबत नाही. जरा पिवळसर झालं की पुसायचं, जरा तांबूस दिसलं की घासायचं, ही सवय जुनी आहे आणि जगभर आहे. ज्या थोड्या नाण्यांना हवा मिळाली पण हात लागला नाही, त्यांच्यावर सोनेरी, केशरी, वांगी, गर्द निळा, मोरपंखी असे रंग चढत जातात. ते कुणी लावलेले नसतात, ठरवलेले नसतात, आणि दोन नाण्यांवर ते कधीच सारखे उतरत नाहीत.

मी अशी नाणी जमवते. त्यातही माझा जीव जडला आहे तो अमेरिकेनं १८९२ ते १९५४ या काळात काढलेल्या चांदीच्या स्मारक नाण्यांवर. एकूण ५० प्रकार: ४८ अर्धे डॉलर, एक पाव डॉलर आणि एक डॉलर. सालं आणि टांकसाळी धरून मोजली तर ही संख्या १४४ वर जाते. अर्धा डॉलर म्हणजे १२.५ ग्रॅम वजन, ३०.६ मिलिमीटर व्यास, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. तळहातावर ठेवलं तर पटकन मुठीत जाईल एवढंसं नाणं. पण त्याच्यावर काय काय मावतं! सांता मारिया जहाज, बॅजर, ओकचं झाड, टेक्सासचा अलामो, बैलगाडी, आणि या सगळ्यावरून साठ-सत्तर-शंभर वर्षं पसरत गेलेला रंग. संग्राहक या रंगाला टोनिंग म्हणतात.

स्मारक नाणीच का, असं मला विचारलं जातं. टोनिंग तर चांदीच्या कुठल्याही नाण्यावर येतं. खरं आहे. पण रोजच्या व्यवहारातलं नाणं झिजून जुनं होतं. शेकडो हातांतून जाताना आधी चेहऱ्याचा गाल गुळगुळीत होतो, मग केसांच्या बटा एकमेकींत मिसळतात, अक्षरं पुसट होतात. त्याचा सगळा इतिहास त्या झिजेत असतो. स्मारक नाणं बहुतेक वेळा खर्च होतच नाही. ५० सेंटचं नाणं १ डॉलर देऊन विकत घेणारा माणूस ते दुकानदाराच्या हातावर ठेवत नाही, तो ते घरी नेऊन जपून ठेवतो. कुणी पाकिटात, कुणी खणात, कुणी अल्बममध्ये. त्यामुळे कुठे ठेवलं, कशात ठेवलं आणि किती वर्षं तसंच राहू दिलं, एवढाच अशा नाण्याचा इतिहास. तो झिजेत सापडत नाही, रंगात सापडतो. मला या छंदात धरून ठेवणारी गोष्ट हीच आहे.

याला अपवाद आहेत, आणि पहिला अपवाद पहिल्याच नाण्याचा. १८९२ चा कोलंबियन अर्धा डॉलर हे अमेरिकेचं पहिलं स्मारक नाणं, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी पाडलेलं. एका बाजूला चार्ल्स बार्बर यांनी घडवलेला कोलंबस, दुसऱ्या बाजूला जॉर्ज मॉर्गन यांचं जहाज. पहिलंच पाडलेलं नाणं रेमिंग्टन टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीनं जाहिरातीसाठी १०,००० डॉलरला घेतलं. पुढे मात्र अंदाज चुकला. १८९३ साली ४० लाखांहून अधिक नाणी पाडली गेली, त्यांपैकी सुमारे २५ लाख परत वितळवावी लागली, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळशी दर्शनी किमतीला बाजारात सोडली गेली. म्हणून झिजलेला कोलंबियन अगदी सहज मिळतो. पण न झिजलेला, मूळ झळाळी शाबूत असलेला आणि वर कडेनं निळा-जांभळा रंग धरलेला कोलंबियन समोर आला की मला त्याच्या पहिल्या मालकाबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. त्यानं तो खर्च केला नाही आणि पुसलाही नाही.

आता हा रंग येतो कसा, ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही.

चांदीचं प्राणवायूशी वैर नाही. साध्या तापमानाला, कोरड्या हवेत प्राणवायू तिला काही करत नाही. तिचं जुळतं ते गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य प्रमाणात असतो. शिवाय जुन्या कागदात, पुठ्ठ्यात, रबरात, लोकरीत गंधकाची संयुगं असतात आणि ती हळूहळू बाहेर पडत राहतात. त्यांची चांदीशी गाठ पडली की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. हा थर सुरुवातीला इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजावी लागते. आणि आपल्याला दिसणारे रंग हे त्या थराचे 'स्वतःचे' रंग नव्हेतच. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या बाजूवरून परततो, काही भाग थर ओलांडून खालच्या चांदीवरून परततो. परतताना हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना मारतात, काही उजळून निघतात. साबणाच्या फुग्यावर जे रंग फिरताना दिसतात, त्यामागचं कारण हेच. फुग्यावरचे रंग क्षणात जातात, नाण्यावरचे राहतात, एवढाच फरक.

थराची जाडी वाढत जाते तसे रंग ठरलेल्या क्रमानं येतात. आधी फिकट सोनेरी. मग मधासारखा गडद पिवळा, मग तांबूस-किरमिजी, मग जांभळा, मग निळा. त्यानंतर निळा फिकट होत होत आकाशी होतो, आणि इथे बऱ्याच जणांना वाटतं की आता संपलं. पण थर आणखी वाढला की पुन्हा पिवळा येतो, पुन्हा किरमिजी, आणि मग हिरवा. खरा हिरवा रंग या दुसऱ्या फेरीतच भेटतो, पहिल्या फेरीत तो नाही. त्याच्याही पुढे रंग मळकट होत जातात आणि शेवटी काळा. त्या काळ्यातून परतीची वाट नाही.

हा क्रम एकदा डोक्यात बसला की नाणं वाचता येतं. वाचता येतं, हे मी अक्षरशः म्हणते आहे. १९३० च्या दशकात वेट रेमंड यांचे नाण्यांचे अल्बम लोकप्रिय झाले. जाड पुठ्ठ्याच्या पानांना गोल भोकं, भोकात नाणं, आणि दोन्ही बाजूंनी सरकवायच्या पारदर्शक पट्ट्या. पुठ्ठा नाण्याच्या कडेला चहूबाजूंनी भिडलेला असायचा, त्यामुळे गंधक कडेकडून आत यायचा. कडेला थर सर्वांत जाड, मध्यभागी सर्वांत पातळ. अशा अल्बममध्ये काही दशकं बसलेलं नाणं बाहेर काढलं तर त्याच्या कडेला हिरवट-मोरपंखी वलय, त्याच्या आत किरमिजी, त्याच्या आत पिवळं, मग निळं, जांभळं, आणि अगदी मध्यात फिकट सोनेरी किंवा नुसती पांढरी चांदी. कडेकडून मध्याकडे नजर नेली की पुढच्या टप्प्यापासून मागच्या टप्प्याकडे जाता येतं. कडेवर आज जे आहे ते मध्यभागी अजून यायचं आहे, आणि मध्यभागी आज जे आहे ते कडेवर कधीच होऊन गेलं.

याच अल्बमनी एक दुखणंही मागे ठेवलं. पारदर्शक पट्टी आत-बाहेर करताना ती नाण्याच्या उंच भागांना घासायची. पोर्ट्रेट असलेल्या नाण्याच्या गालावर समांतर केसासारख्या रेघा दिसल्या की समजावं, कुणीतरी हे पान वारंवार उघडून पाहत होतं. ग्रेडच्या, म्हणजे नाण्याच्या अवस्थेला दिल्या जाणाऱ्या दर्जाच्या दृष्टीनं हा दोष आहेच, आणि उच्च ग्रेडचं नाणं घेताना मी तो भिंगाखाली शोधतेच. तरीही अशा एखाद्या नाण्याबद्दल मन थोडं मऊ होतं.

अल्बमच्या आधी नाणी पोस्टानं घरी यायची. स्मारक नाणी विकण्याचं काम टांकसाळ करत नसे. त्या त्या शताब्दीसाठी नेमलेलं कमिशन किंवा संस्था टांकसाळीकडून नाणी घ्यायची आणि मागणी येईल तशी टपालानं पाठवायची. त्यासाठी पुठ्ठ्याचे छापील होल्डर असत. पुठ्ठ्याला गोल खाचा, आणि नाणं निसटू नये म्हणून त्याच्यावरून आडवी जाणारी कागदाची पट्टी किंवा जीभ. कित्येकांनी नाणं पाहिलं, परत तसंच सरकवलं आणि होल्डर खणात टाकून दिला. चाळीस-पन्नास वर्षांनी उघडलं तेव्हा नाण्यावर त्या पट्टीचं चित्र उमटलेलं होतं: पट्टीखालचा भाग फिकट, भोवतीचा भाग तांबूस, जांभळा, निळा. काही संग्राहकांना हा पट्टा आवडत नाही. त्यांना नाणं कुणी अर्धवट झाकल्यासारखं दिसतं. मला तो फार आवडतो, कारण हे नाणं कशात राहिलं याबद्दल शंकेला जागाच उरत नाही. इतकी नेमकी कड कुणाला बनवून आणता येत नाही.

या होल्डरांची संख्या इतकी का, याचं उत्तर १९३०च्या दशकात आहे. १९३६ च्या आसपास स्मारक नाण्यांचं अक्षरशः पेव फुटलं होतं. क्लीव्हलंड, विस्कॉन्सिन, एल्जिन, नॉरफोक, लाँग आयलंड, यॉर्क काउंटी, ऱ्होड आयलंड. गावागावाला, परगण्यापरगण्याला आपलं नाणं हवं होतं. सिनसिनाटीचं नाणं निघालं ते शहर संगीताचं केंद्र झाल्याच्या पन्नास वर्षांनिमित्त, पण पन्नास वर्षांपूर्वी, म्हणजे १८८६ साली, त्या शहरात नेमकं असं काय घडलं होतं ते कुणालाच दाखवता आलेलं नाही. अमेरिकेच्या सरहद्दीवरचे वाटाडे डॅनियल बून यांच्या नाण्यात १९३५ साली छोटासा '१९३४' आकडा घालून डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को टांकसाळींची जेमतेम दोन-दोन हजार नाणी पाडली गेली आणि त्यांचे भाव भडकले. हे सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. १९३९ साली अमेरिकन काँग्रेसनं जुन्या परवानग्या बंद केल्या, ते योग्यच झालं. पण त्या लाटेत सामान्य माणसांनी हजारोंनी नाणी घेतली आणि भाव चढण्याची वाट पाहत जपून ठेवली. भाव काही काळ पडले, माणसं विसरली, नाणी पुठ्ठ्यात राहिली. आज आपण ज्या रंगांवर जीव टाकतो, त्यांतले कितीतरी त्या विसरण्यातून आलेले आहेत.

माझ्याकडच्या एका नाण्याविषयी जरा सविस्तर सांगते. ओरेगॉन ट्रेलचा, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेचा अर्धा डॉलर, १९३७ चा, डेन्व्हर टांकसाळीचा. जेम्स अर्ल फ्रेझर आणि लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार पती-पत्नीनं घडवलेलं हे नाणं १९२६ ते १९३९ या काळात, मधली काही वर्षं वगळून, निघत राहिलं. त्यामागे एझ्रा मीकर नावाचा माणूस होता. १८५२ साली तरुणपणी तो बैलगाडीतून ही वाट तुडवत पश्चिमेला गेला होता. पुढे म्हातारपणी, १९०६ साली, तीच वाट विसरली जाऊ नये म्हणून पुन्हा बैलगाडी घेऊन उलट दिशेनं निघाला. या नाण्याचा पाठपुरावा केला तेव्हा तो नव्वदी ओलांडून पुढे गेलेला होता.

नाण्याच्या एका बाजूला उभा असलेला मूळनिवासी पुरुष आहे. एका हातात धनुष्य, दुसरा हात पुढे पसरलेला, मागे अमेरिकेचा नकाशा आणि त्या नकाशावर गाड्यांची बारीकशी रांग. दुसऱ्या बाजूला बैलांनी ओढलेली छपराची गाडी मावळत्या सूर्याकडे निघाली आहे. सूर्य प्रचंड मोठा, आणि त्याचे किरण आकाशभर पसरलेले.

गाडीच्या बाजूला रंग चढला आहे. नाणं सरळ समोर धरलं तर तो जवळजवळ दिसत नाही, एक गढूळ तपकिरी छटा तेवढी दिसते. एकाच दिव्याखाली, नाणं कडेनं दोन बोटांत धरून हळूहळू कलतं केलं की ठरावीक कोनाला एकदम सगळं उजळतं. डाव्या कडेला सूर्याच्या बाजूनं मोरपंखी हिरवा. तिथून आत येताना किरमिजी. किरणांच्या मध्यावर पिवळा. गाडीच्या छपरापर्यंत पोचेतो निळा-जांभळा. आणि बैलांच्या पाठीवर फिकट सोनेरी. किरण हे नाण्यावर उठावाच्या रेघा आहेत, त्यामुळे प्रत्येक किरणाच्या माथ्यावर रंग एक पायरी मागे आणि दोन किरणांमधल्या खोलगट जागेत एक पायरी पुढे आहे. नाणं फिरवलं की हे पट्टे एकामागून एक पेटत जातात. मावळतीचं चित्र कोरणाऱ्यांना या रंगांची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. ते पुढच्या कित्येक वर्षांत पुठ्ठ्यानं आणि हवेनं पुरं केलं. मी हे नाणं पाहायला काढते तेव्हा ते परत ठेवायला मला वेळ लागतो.

हे रंग असे उजळतात त्याचं श्रेय एकट्या टोनिंगचं नाही. खाली झळाळी शाबूत असल्याशिवाय वरचा रंग बोलत नाही. नाणं पाडताना ठशांच्या दाबाखाली चांदी वाहते, मध्याकडून कडेकडे, आणि त्या वाहण्याच्या सूक्ष्म रेघा पृष्ठभागावर उरतात. नव्या नाण्याला दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरताना दिसतात, ते या रेघांमुळे. झीज झाली की आधी या रेघा जातात. नाणं धुतलं, घासलं, वारंवार रसायनात बुडवलं की याच रेघा बोथट होतात. मग वर रंग कितीही भारी येवो, तो फिरत नाही, पेटत नाही. रंगवलेल्या भिंतीगत निपचित पडून राहतो.

म्हणूनच मी उच्च ग्रेडचा आग्रह धरते. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, आणि आज तीच सर्व नाण्यांना लावली जाते. ६० आणि त्यापुढची सगळी नाणी न झिजलेली. मग खरचटे, झळाळी, ठशाचा नेटकेपणा बघून ती ६५, ६६, ६७ अशी चढत जातात. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या ग्रेडिंग संस्था सुरू झाल्या आणि नाणी सीलबंद प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये यायला लागली. एनजीसी तर त्या ग्रेडच्या मानानं विशेष देखण्या नाण्याच्या आकड्यापुढे तारा लावते. हे सगळं उपयोगाचं आहे. पण आकडा रंगाबद्दल फार थोडं सांगतो. ६७ चं नाणं तपकिरी डागांनी माखलेलं असू शकतं आणि ६५ चं नाणं पाहताच छातीत धडधड व्हावी असं असू शकतं. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे: ६५ च्या खाली सहसा उतरायचं नाही, कारण तिथे झळाळीची खात्री राहत नाही, आणि ६५ च्या वर आकड्यासाठी रंगाशी तडजोड करायची नाही.

सगळंच टोनिंग सुंदर असतं असंही नाही. रंग चढला म्हणून नाणं घ्यावं, असं मी कुणाला सांगणार नाही. ठिपक्याठिपक्यांनी काळवंडलेली, गढूळ राखाडी झालेली, बोटांचे ठसे कायमचे उमटलेली नाणी पुष्कळ आहेत, आणि 'अस्सल रंग' म्हणून ती गळ्यात मारली जातात. अस्सल असणं आणि देखणं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दोन्ही हव्या असतात.

अस्सलपणाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, आणि त्याला बगल देऊन हा विषय पुरा होत नाही. गंधकाची रसायनं आणि उष्णता वापरून काही तासांत चांदीवर इंद्रधनुष्य आणता येतं. रसायनशास्त्र तेच, थर तोच, सिल्व्हर सल्फाइडच. मग फरक काय? फरक वेगाचा आहे, आणि वेग मागे खुणा ठेवतो. मंद गतीनं आलेला रंग टप्पे गाळत नाही. पांढऱ्या चांदीच्या शेजारी थेट गर्द निळा दिसला, मधला पिवळा आणि किरमिजी गायब असला, तर मी नाणं खाली ठेवते. दोन्ही बाजूंवर सरसकट झगझगीत निळा-जांभळा असला तरी तसंच. सावकाश चढलेल्या रंगात उठावाच्या अक्षरांच्या कडेला बहुधा फिकट कड सुटलेली असते, आणि रंगाचा पट्टा सपाट भागातून अक्षरावर चढताना किंचित सरकतो, जसा माझ्या नाण्यावर किरणांवर सरकला आहे. घाईघाईनं आणलेला रंग अक्षर, खाच, खरचटा काही न पाहता सगळ्यावरून सारखा वाहून गेलेला असतो. आणि एक प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते: हे नाणं असं कशात ठेवलं असेल? वलय असेल तर अल्बम, पट्टा असेल तर होल्डर, एकच बाजू रंगलेली असेल तर पाकीट किंवा कागदी गुंडाळीचं टोक. रंगाला शोभेल अशी साठवणच सुचत नसेल, तर संशय घ्यावा.

ग्रेडिंग संस्थांनाही संशय आला तर त्या रंग शंकास्पद असल्याची नोंद करून नाण्याला आकडा देत नाहीत. त्यांचा निर्णय दर वेळी मला पटतोच असं नाही, पण कुणीतरी थांबवणारं आहे, याचा आधार वाटतो. फसवून आणलेल्या रंगाचा मला राग येतो. नाणं कसं जगलं याची ती खोटी साक्ष असते, आणि ती देण्यासाठी एक चांगलं पांढरं नाणं कायमचं बिघडवलेलं असतं.

उलट दिशेचं नुकसान याहून मोठं आहे. एके काळी पांढरंशुभ्र नाणंच चांगलं, असा दंडक होता, आणि त्या काळात कितीतरी रंगलेली नाणी आम्लयुक्त थायोयुरियाच्या द्रावणात बुडवून काढली गेली. काही सेकंदांत रंग नाहीसा. पाहणाऱ्याला वाटतं की वर चढलेला मळ गेला आणि खालचं मूळ नाणं उघडं झालं. तसं ते नसतं. हा थर धुळीसारखा बाहेरून येऊन बसलेला नाही. त्यातली चांदी नाण्याचीच आहे. रंग उतरवला की पाडताना उठलेल्या त्या वाहत्या रेघांचा माथाही त्याच्याबरोबर जातो. एकदा, अगदी थोडा वेळ बुडवलेलं नाणं बरेचदा सावरतं. पुन्हा पुन्हा बुडवलेलं नाणं मात्र पांढरं असूनही मेलेलं दिसतं. विस्कॉन्सिन किंवा आयोवाची पांढरी फटक नाणी ढिगानं समोर येतात तेव्हा त्यांतली मुळातच कोरडी, स्वच्छ राहिलेली किती आणि धुतलेली किती, याचा मी दिव्याखाली बराच वेळ अंदाज घेत बसते. न धुता पांढरं राहिलेलं नाणंही मला आदराचं वाटतं. त्यालाही कुणीतरी नीट जपलेलं असतं.

आता जपण्याबद्दल. रंग इथवर आला, पुढे जाऊ नये, असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि ते पूर्णपणे आपल्या हातात नाही. स्लॅब सीलबंद असला तरी हवाबंद नसतो. पण वेग कमी करता येतो. दमटपणा हा मोठा शत्रू, म्हणून डब्यात सिलिका जेल आणि ती वेळेवर बदलणं. रबरबँड, लोकरी अस्तर, ओकच्या लाकडाचे खण, वर्तमानपत्राचा कागद हे नाण्यांच्या आसपाससुद्धा नकोत. मऊ पीव्हीसीची पाकिटं तर अजिबात नकोत. त्यातला प्लॅस्टिक मऊ ठेवणारा द्रव सुटून नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो, आणि तो टोनिंगचा हिरवा नव्हे. पॉलिस्टरची पाकिटं चांगली. तांब्याचे कण मिसळलेलं एक खास प्लॅस्टिक मिळतं, ते गंधक स्वतःकडे ओढून घेतं. मूळ कल्पना बेल लॅब्जमधली. मी माझ्या डब्यांत ते घालते. आणि नाणं धरायचं ते कडेनंच, हात धुऊन, खाली मऊ कापड पसरून.

ज्यांच्या घरी एखाद्या जुन्या खणात असा पुठ्ठ्याचा होल्डर अजून पडून असेल, त्यांनी नाणं पुसू नये, आणि होल्डरमधून ओढून काढण्याआधी दोन्ही बाजूंनी चांगला फोटो काढून ठेवावा. नाणं कुठल्या खाचेत होतं, वरची बाजू कुठली होती, पट्टी कुठून कुठे जात होती, हे त्या फोटोत यावं. पट्टी ओढताना ती उंच भागावर घासू देऊ नये. कागद कुरतडावा लागला तरी चालेल, नाणं नको. बाहेर काढलेलं नाणं परत त्याच पुठ्ठ्यात ठेवायचा मोह होतो, पण रंग जिथे आहे तिथे थांबवायचा असेल तर तो आवरावा. पुठ्ठा फेकून मात्र देऊ नये. त्याच्यावर बहुधा कमिशनचं नाव आणि पत्ता छापलेला असतो, कधी पोस्टाचा शिक्का, कधी पेन्सिलीनं लिहिलेला एखादा आकडा असतो, आणि नाण्यावरच्या पट्ट्याशी तो तंतोतंत जुळतो. मी नाणं पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवते, पुठ्ठा दुसऱ्या खोक्यात, आणि दोन्हींवर एकच क्रमांक घालते.